पाऊण कोटीची गाडी आणि मागच्या सीटचा पट्टा



आम्ही पेशाने कारकून. त्यात बी.कॉम. झालेलो. त्यामुळे वाडीत कुणाचे बँकेचे कागद असोत, कुणाचा विम्याचा दावा असो की महिला बचत गटाची वही असो, संध्याकाळी ते सारे आमच्या ओटीवर येऊन पडते. त्याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. पण गेल्या महिन्यात जो कागद आला तो वाचून आमचा चहा कपातच निवला. आमच्या थोरल्या ताईचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, मर्सिडीज गाडी घ्यावयाची म्हणतो; आणि तिच्या साठ लाखांच्या कर्जाला पगारदार जामीनदार म्हणून मामाची सही हवी!

भाचा मेहनती आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर वाहतुकीत क्लीनर म्हणून लागला. आज त्याचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत. एकाचे कर्ज फिटले, दुसऱ्याचे दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. रस्त्याच्या कामात घरच्या जमिनीचा तुकडा गेला, त्याचे तीस लाख बँकेत पडून आहेत. व्यसन नाही. बायको पनवेलला एका इस्पितळात नर्स, मुलगी सहा वर्षांची. अशा मुलाने चांगल्या गाडीची हौस धरली तर त्याला ‘तुला कशाला’ असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात काळजी किती व पोटदुखी किती, हे आपण सारे ओळखतो.

आम्ही एवढेच म्हणालो, “बाबा रे, सही म्हणजे काही लग्नपत्रिकेवरचे नाव नव्हे.” तो म्हणाला, “मामा, सही नंतर करा. आधी गाडी बघा तरी. रविवारी माणूस गाडी घेऊन आपल्याकडेच येतोय.”

त्याप्रमाणे रविवारी सकाळी दहाच्या सुमारास शिरढोणला गाडी आली. हल्ली बड्या गाड्यांचे शोरूमवाले गिऱ्हाइकाच्या दारी गाडी आणून चालवावयास देतात. यालाच टेस्ट ड्राइव्ह म्हणतात. घेण्यापूर्वी गाडी स्वतः चालवून पाहावयाची. लुगडे घेताना पदर अंगावर टाकून पाहतात, तसेच हे. फक्त येथे लुगडे दोन टनांचे!

गाडीचे नाव जीएलसी. ही गाडी जर्मन कंपनीची असली तरी जुळणी आपल्या पुणे जिल्ह्यात चाकणला होते. ही कंपनी १९९४ साली भारतात आली. प्रारंभी टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात तिच्या गाड्या तयार होत. चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. जीएलसीची दुसरी पिढी ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडे आली. लांबी ४ मीटर ७१ सेंटिमीटर, डिकी ६२० लिटरची, सात एअरबॅगा, चारही चाकांना ताकद. पेट्रोलची गाडी २५८ अश्वशक्तीची, डिझेलची १९७ ची. पेट्रोलवाली थांबल्या जागेपासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सव्वासहा सेकंदांत घेते, असे कंपनीचा कागद सांगतो. सव्वासहा सेकंदांत आमचे चप्पल पायात जात नाही.

पहिली परीक्षा वाडीतच झाली. कमानीपर्यंत रस्ता सिमेंटचा आहे. पुढे दोन घरांच्या ओट्यांमधून बोळ जाते, आणि भाच्याचे घर त्या बोळीच्या टोकाला. सेल्समन म्हणाला, “सर, दारापर्यंत नेऊया.” आम्ही घरातून टेप आणला. बोळीचे माप भरले सात फूट, म्हणजे २ मीटर १३ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचे आरसे धरून गाडीची रुंदी सुमारे २ मीटर ८ सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही अंगांना मिळून पाच सेंटिमीटरांची मोकळीक! पाऊण कोटीची गाडी कमानीपाशी उभी राहिली. वाडीतली पोरे तिच्या काचेत आपापले तोंड बघू लागली. भाच्याचा चेहरा थोडा उतरला. पण त्याने ते हसण्यावारी नेले.

लायसन्सचा फोटो काढून, एका कागदावर सही घेऊन सेल्समनने किल्ली दिली. पुढे भाचा आणि सेल्समन. मागे ताई, आम्ही व मध्ये नात. सूनबाईंची त्या दिवशी ड्युटी होती. मात्र निघताना तिचा फोन आला होता: “मागे बसणाऱ्यांनाही पट्टे लावायला सांगा.” ताई म्हणाली, “मागे कशाला पट्टा? मला गुदमरल्यासारखं होतं.” सेल्समनही गिऱ्हाईक दुखवू नये म्हणून काही बोलला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही पट्टा शोधला नाही. चूक आमची आहे, म्हणून ती येथे लिहितो.

आमचे शिरढोण मुंबई-गोवा महामार्गावर. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला, म्हणून गावाचे नाव पुस्तकात असते. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, ही गोष्ट आम्ही कारकून मंडळी विशेष ध्यानात ठेवतो! महामार्गाचे म्हणाल तर पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि किती वर्षे चालले, हे कोकणात गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला विचारावे. आम्ही कर्नाळ्याच्या बाजूस निघालो.

गाडी खरोखर सुंदर चालते. आवाज नाही, धक्का नाही. नेहमीच्या एसटीत ज्या उंचवट्यावर आम्ही सीटवरून उडतो, तो कधी आला ते कळले नाही. पायडल दाबताच पाठ मागच्या गादीत रुतते, तीही इतक्या अलगद की वेगाची भीती वाटत नाही. आणि धोका नेमका इथेच आहे. जुन्या जीपमध्ये ८० चा वेग झाला की दारे वाजू लागतात, काच थरथरते. माणूस आपोआप पाय उचलतो. येथे काही वाजत नाही. आम्ही पुढे डोकावलो तर काट्याच्या पडद्यावर ९५ चा आकडा, आणि आम्हांला वाटत होते साठ! वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हा शाळेतला हिशेब गादी मऊ असली म्हणून बदलत नाही.

कर्नाळ्याच्या खिंडीअगोदर जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख. पुढे एक टेम्पो हळू चालला होता. भाच्याने त्यास ओलांडण्यासाठी इंडिकेटर द्यावा म्हणून सवयीने उजव्या हाताची दांडी ढकलली. आपल्या नेहमीच्या गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो. या गाडीत तो डावीकडे आहे, आणि उजवीकडची दांडी ही गिअरची आहे. गिअर न्यूट्रलमध्ये गेला. भाच्याने पाय दाबला. इंजिन ओरडले, पण गाडी ओढीना. मागून डंपर हॉर्न देत आला. भाचा गडबडला. जीपमध्ये क्लच दाबण्याची सवय असलेला त्याचा डावा पाय नकळत खाली गेला आणि रुंद ब्रेकवर पडला. अशा गाडीत क्लच नसतो, डाव्या पायास कामच नसते. ब्रेक कच्चकन लागला. नात पुढे फेकली गेली, आम्ही तिला कशीबशी कवेत धरली. ताईचे कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. सेल्समनने “सर, दांडी खाली” म्हणून स्वतः हात घातला. डंपर बाजूने निघून गेला. पुढच्या दोघांना काही झाले नाही. त्यांचे पट्टे होते.

गाडी कडेला लावली. ताईच्या कपाळावर टेंगूळ आले होते. कुणी काही बोलेना. अभयारण्याच्या कठड्यावरची माकडे तेवढी आमच्याकडे बघत होती.

यात गाडीचा दोष नव्हता, सेल्समनचाही नव्हता. हात नवा आणि सवय जुनी, एवढेच. त्यावेळी आम्हांस चाळीसगावचा प्रसंग आठवला. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले असता अस्पृश्याला टांग्यातून न्यावयास एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. आपल्याच वस्तीतील एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर घोडा बिथरला, चाक अडकले आणि बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले. पाय मोडला. दोष त्या बांधवाचा नव्हता. ज्यांनी लगाम धरण्यास नकार दिला त्यांचा होता. पण ज्या पिढीला लगाम शिकण्याची संधीच मिळाली नव्हती, तिची किंमत काय पडली हे त्यातून दिसते. आज आपल्या मुलाच्या हाती चाकणची मर्सिडीज येऊ शकते. तेव्हा शिकून घेण्यास आपल्याला कोणतीही सबब उरलेली नाही.

दुसरी आठवण अलीकडची. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. गाडी याच जीएलसी जातीची, आधीच्या पिढीची. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे स्नेही दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात दिसून आले. ज्यांच्यापाशी जगातील कोणतीही वस्तू विकत घेण्याची ऐपत होती, त्यांच्याही उपयोगास तो हातभर लांबीचा पट्टा आला नाही, कारण तो लावलेला नव्हता. तो पट्टा लाखाच्या जुन्या गाडीतही असतो आणि पाऊण कोटीच्या गाडीतही असतो. एअरबॅगा पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठी बनवलेल्या असतात, पट्ट्याच्या बदली नव्हे. मागच्या सीटवर पट्टा न लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १००० रुपये दंडाचा गुन्हा आहे. पण सूनबाई म्हणते त्याप्रमाणे, दंड भरावा लागला तर माणूस नशीबवान समजावा.

ड्युटीवरून आल्यावर तिने सासूच्या टेंगळाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. “कॅज्युअल्टीत मागच्या सीटवरचे येतात ना, त्यांच्या घरचे हेच सांगतात, जवळच तर जायचं होतं,” एवढेच ती बोलली.

आता हिशेब. रात्री वही काढली. किंमत सोयीसाठी ७५ लाख धरली. सेल्समन म्हणाला होता, “सर, कर कमी झालाय, हीच वेळ आहे.” ते खरे आहे. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के पडत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के झाले. तरीही ७५ लाखांत मूळ गाडी सुमारे साडेत्रेपन्न लाखांची आणि कर जवळजवळ साडेएकवीस लाखांचा! त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर: वीस लाखांवरील पेट्रोल गाडीस १३ टक्के, म्हणजे ९ लाख ७५ हजार. डिझेलला १५ टक्के. विमा वगैरे धरून गाडी दारात, नव्हे कमानीपाशी, येईपर्यंत ८८ लाख. साठ लाख कर्ज, अठ्ठावीस लाख खिशातून. जमिनीचे तीस लाख संपले.

साठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे १ लाख २४ हजार ५५० रुपये. व्याज एकूण पावणेपंधरा लाखांच्या घरात. सात वर्षे केली तर हप्ता ९६ हजार ५३४, पण व्याज एकवीस लाखांवर. आणि ट्रेलरचे डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, चालू हप्ता व घरखर्च जाऊन भाच्याच्या हाती महिन्याला उरतात सरासरी नव्वद हजार. पाच वर्षांनी जमत नाही, सात वर्षांनीही जमत नाही. बंदरात एक महिना काम थंडावले तर एक ट्रेलर आणि एक मर्सिडीज, दोघांचेही हप्ते एकदम तोंड उघडणार.

गाडीची किंमत मात्र खाली येत जाते. विम्याच्या कोष्टकात एक वर्षापर्यंत १५ टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे पाच वर्षांनी कागदावर साडेसदतीस लाख. भाचा म्हणाला, “धंद्याच्या नावावर घेऊ.” घेता येईल, आयकरात १५ टक्के घसारा मिळेल. पण ट्रेलरवर भरलेल्या जीएसटीची जशी वजावट मिळते, तशी अशा प्रवासी गाडीवर त्याला मिळणार नाही. ट्रेलर कमावतो, ही खाते. फरक एवढाच.

जमिनीच्या पैशाचे आणखी एक. १९७० साली सिडको आली तेव्हापासून या पनवेल-उरण पट्ट्याने जमीन देऊन पैसा घेतलेला आहे. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. जमिनीचे भाव आणि आपल्या मुलांच्या हौसा दोन्ही वर चढल्या आहेत. या पट्ट्यात जमिनीच्या पैशाची गाडी आली, गाडी गेली, आणि मग जमीनही नाही व गाडीही नाही, अशी घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. सर्व जातींची पाहिली आहेत.

राहता राहिली सही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ असे सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी भाच्याकडे जाईल, मग आमच्याकडे येईल, असा बंधनकारक क्रम नाही. आमचा पगार, आमच्या मुलांचे शिक्षण, सारे त्या सहीखाली जाते. आम्ही ताईच्या समोरच म्हणालो, “ही सही आम्ही करणार नाही. ट्रेलरच्या कर्जाला केली होती, पुढेही करू.” ताईने मान खाली घातली. भाचा उठून गेला. दोन रविवार आला नाही. सख्ख्या बहिणीच्या मुलाला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. त्या दोन रविवारी आम्हांला जेवण गोड लागले नाही.

तिसऱ्या रविवारी जुन्या जीपचा आवाज आला. भाच्याने मागच्या सीटचे कव्हर फाडून, वर्षानुवर्षे गादीखाली दडपलेले पट्टे बाहेर काढले होते. नातीसाठी बसण्याची उंच खुर्ची आणली होती. साधा पट्टा लहान मुलाच्या गळ्यावरून जातो, म्हणून ती लागते. ताई आधीच पट्टा लावून बसली होती, आणि चुकूनही गुदमरल्याचे म्हणाली नाही. भाचा म्हणाला, “आधी दुसरा ट्रेलर मोकळा करतो. मग कुणीतरी तीन वर्षं वापरलेली बघू. तिची घट त्याने सोसलेली असेल. पण घेणार हीच, मामा.” आम्ही म्हणालो, “अवश्य घे. तोवर क्लच नसलेली गाडी चालवायला शीक, आणि बोळीचे माप ग्रामपंचायतीत मांडू.”

वाचकहो, आपल्या घरीही कुणी गाडीच्या विचारात असेल. तर चार गोष्टी. गाडी आपल्याच रोजच्या रस्त्यावर, घरच्या म्हाताऱ्या माणसांना व मुलांना घेऊन चालवून पाहावी. निघण्यापूर्वी उभ्या गाडीत दहा मिनिटे बसून कोणती दांडी कशाची ते हाताने शिकून घ्यावे. हप्त्याचा कागद एक रात्र घरी ठेवून, बायकोसमोर बसून वाचावा. आणि चाक फिरण्याआधी मागच्या सीटवरचा पट्टा लावावा. गाडी पाऊण कोटीची असो की भाड्याची सहा आसनी असो.

ताईचे टेंगूळ आता उतरले आहे. तूर्त इतकेच. जयभीम.